ग्राफीनच्या पिशवीवर थरांचा आकडा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या उद्योग पुरवणीतला ग्राफीनवरचा, म्हणजे ग्राफाइटपासून सुट्या केलेल्या, एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थरावरचा, लेख वाचला. ‘पोलादापेक्षा दोनशे पट मजबूत, तांब्यापेक्षा दहापट उष्णतावाहक’ हे त्यातले आकडे खोटे नाहीत. पण ते ज्या वस्तूचे आहेत ती किलोवर मिळत नाही. आणि जी किलोवर मिळते, तिच्या पिशवीत नेमके काय आहे हे बहुतेक वेळा पिशवीवर लिहिलेले नसते. ‘चिमूटभर ग्राफीन टाका, माल सुधारेल’ असे सांगणारे विक्रेते आता भोसरी-चाकणपासून वाळूजपर्यंतच्या छोट्या कारखान्यांतही फिरतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

मजबुतीचा आकडा २००८ सालचा, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातला. सिलिकॉनच्या चकतीवर एक ते दीड मायक्रोमीटर व्यासाची छिद्रे पाडली, त्यांवर ग्राफीनचा एकच थर बसवला आणि हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाने तो मधोमध दाबून फाडला. त्यातून सुमारे १३० गिगापास्कल ताणशक्ती आणि १००० गिगापास्कल ताठरपणा निघाला. केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान, एकही दोष नसलेल्या तुकड्याचा हा निकाल आहे. उष्णतेचेही तेच. अधांतरी ताणलेल्या थराचे उष्णतावहन ३००० ते ५००० वॅट प्रति मीटर-केल्विन भरते, तांब्याचे ४०० च्या आसपास. तोच थर सिलिकाच्या पृष्ठभागावर टेकवला की आकडा ६०० पर्यंत घसरतो. प्लास्टिकमध्ये विखुरलेल्या पापुद्र्यांचे तर विचारूच नका, कारण तिथे उष्णतेला एका पापुद्र्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी मधले प्लास्टिक ओलांडावे लागते.

एका थराचे वजन चौरस मीटरला ०.७७ मिलिग्रॅम. म्हणजे १३ बाय १० मीटरचे कबड्डीचे मैदान झाकायला ग्रॅमचा दहावा भाग पुरतो. एका ग्रॅमचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ धरले तर ते २६३० चौरस मीटर होते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे विक्रेत्याची परीक्षा घ्यायला तोच कामी येतो.

आधी एक हिशेब. नायलॉन-६ च्या १०० किलो मालात एक किलो ग्राफीन घातले, तर आकारमानाने ते अर्धा टक्का होते, कारण त्याची घनता नायलॉनच्या जवळपास दुप्पट आहे. सगळे पापुद्रे एकेरी, सपाट, नायलॉनला घट्ट चिकटलेले आणि सर्व दिशांना सारखे पसरलेले असे मानले, तर ताठरपणात सुमारे २.८ गिगापास्कलची भर पडायला हवी. कोरड्या नायलॉनचा ताठरपणाही तेवढाच असतो, म्हणजे कागदावर दुप्पट. प्रत्यक्षात पापुद्रे आखूड असतात, चुरगळतात, एकमेकांना चिकटून बसतात आणि नायलॉनवरची त्यांची पकड सुटते. दहा ते तीस टक्के वाढ मिळाली तरी काम चांगले झाले असे समजावे. फक्त ताठरपणाच हवा असेल तर तीस टक्के काचतंतू घातलेले नायलॉन नऊ-दहा गिगापास्कल सहज देते, आणि ते स्वस्तही पडते. ग्राफीनचा विचार तेव्हा करावा, जेव्हा वजन वाढवायचे नाही, जोडीला वीजवाहकता किंवा उष्णता सोसण्याची ताकद हवी आहे, किंवा वायू-वाफ अडवायची आहे.

आता पिशवीत काय असते ते. ‘ग्राफीन’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. तांब्याच्या पातळ पत्र्यावर १००० अंश सेल्सियसच्या आसपास मिथेनमधून वाढवलेला सलग पडदा ही पहिली. ती संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी, किलोवर नव्हे, चौरस सेंटिमीटरवर. दुसरी ग्राफीन ऑक्साइड, तपकिरी रंगाची, पाण्यात छान मिसळणारी, पण वीज न वाहणारी. तिसरी त्यातला ऑक्सिजन बराचसा काढून टाकलेली काळी, अत्यंत हलकी पूड. चौथी ग्राफाइट सोलून केलेले नॅनोप्लेटलेट, म्हणजे थरांचे पातळ गठ्ठे. चौघांचे गुण वेगळे, भाव वेगळे, वापर वेगळा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१७ च्या व्याख्येत एक थर म्हणजे ग्राफीन, दोन थर म्हणजे दुहेरी ग्राफीन आणि तीन ते दहा थर म्हणजे अल्पथरी ग्राफीन. दहा थरांची जाडी साडेतीन नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. एक मायक्रोमीटर जाडीच्या, डोळ्याला अतिबारीक वाटणाऱ्या पुडीच्या कणात मात्र तीन हजार थर असतात. ते सरळसरळ ग्राफाइट आहे, दळलेले.

ही शंका हवेतली नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी आशिया, युरोप आणि अमेरिका खंडांतल्या ६० कंपन्यांचे नमुने तपासून २०१८ साली निकाल प्रसिद्ध केले. बहुतेक नमुन्यांत दहा थरांपर्यंतचे पापुद्रे दहा टक्क्यांहून कमी होते आणि एकाही नमुन्यात ते निम्म्याहून जास्त नव्हते. बाकी सगळी ग्राफाइटची बारीक पूड. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्यानंतर चांगले उत्पादक सुधारले आहेत, हेही खरे. पण खरेदीदाराने तपासल्याशिवाय चांगला आणि वाईट उत्पादक वेगळा कळत नाही.

तपासायचे कसे? सर्वांत स्वस्त चाचणी क्ष-किरण विवर्तनाची, बोलीत एक्सआरडी. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले तर ग्राफाइटचा सणसणीत टोकदार सुळका २६.५ अंशांच्या कोनावर येतो. पूड खरोखर सोललेली असेल तर तो बुटका आणि पसरट होतो. ग्राफीन ऑक्साइडचा सुळका १० ते ११ अंशांजवळ असतो. ‘एकेरी थर’ म्हणून दिलेल्या नमुन्यात २६.५ वर सुईसारखा सुळका दिसला की पुढचे पैसे वाचले. दुसरी चाचणी नायट्रोजन शोषणावरून क्षेत्रफळ मोजण्याची, तिला बीईटी म्हणतात. २६३० ला त्या आकड्याने भागा, सरासरी थर मिळतात. ग्रॅमला ३० चौरस मीटर निघाले तर जवळपास ९० थर. ३०० निघाले तर नऊ. हा अंदाज ढोबळ आहे, कारण वाळवताना पापुद्रे पुन्हा एकमेकांवर बसतात आणि आकडा खाली येतो. तरी ३० वाल्याने ‘वाळवताना असे होते’ म्हणून सांगितले, तर त्याला विचारावे की मग तुमच्या मालातून आमच्या मशीनच्या बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीत) हे थर पुन्हा सुटे कोण करणार?

तिसरी रामन वर्णपटाची, आपल्याच सी. व्ही. रामन यांच्या शोधावर उभी असलेली. आलेखावर (प्रति सेंटिमीटर या एककात) १३५० च्या आसपास डी, १५८० ला जी आणि २७०० ला टू-डी असे तीन सुळके पाहायचे. सलग एकेरी पडद्यात टू-डी हा जी-पेक्षा दुपटीने उंच, सडपातळ आणि एकसंध असतो. ग्राफाइटमध्ये तो ठेंगणा आणि खांदा असलेला दिसतो. डी जितका उंच तितके दोष जास्त. इथे एक चकवा आहे. ऑक्सिजन काढलेल्या पुडीत डी आणि जी दोन्ही रुंद होतात आणि टू-डी जवळपास मावळतो, म्हणून पडद्याचा निकष पुडीला लावून चांगला माल नाकारला जातो. उलट विक्रेता हजार कणांतला एक सुंदर कण शोधून त्याचाच आलेख माहितीपत्रकात छापतो. म्हणून वीस-तीस वेगवेगळ्या जागांचे वर्णपट मागावेत आणि लेसरची शक्ती नमुन्यावर एक-दोन मिलिवॅटच्या आत ठेवायला सांगावे. जास्त झाली की नमुना तापून सुळके सरकतात, प्रसंगी पूड जळते. पुडीची आणि द्रावणाची मोजणी कशी करायची याची आयएसओची स्वतंत्र पद्धत २०२१ पासून उपलब्ध आहे. अहवालात तिचा उल्लेख आहे का तेवढे पाहावे.

चौथी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही: राख. पूड हवेत ९०० अंशांपर्यंत तापवून शेवटी काय उरते ते पाहायचे. आम्लाच्या पद्धतीने (गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून) केलेल्या मालात मँगनीज आणि पोटॅशियम मागे राहतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मँगनीज गेले की उष्णतेत प्लास्टिकचे ऑक्सिडेशन भराभर होते. सुरुवातीच्या चाचणीत उत्तम ठरलेला भाग पुढे ठिसूळ होऊन तडकतो आणि दोष मोल्डिंगवाल्यावर येतो.

या चाचण्यांसाठी परदेशी जायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ सुविधेत बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणे शोधून वेळ आरक्षित करता येते. आपल्याकडे पुण्यातही प्रयोगशाळा असलेल्या सी-मेट या इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या त्रिशूर केंद्राने केरळच्या डिजिटल विद्यापीठासोबत ग्राफीनसाठी नवोन्मेष केंद्र उभारले आहे, त्यात टाटा स्टीलही आहे. मागे असलोच तर उपकरणांत नाही, नमुना पाठवण्याच्या सवयीत आहोत.

माल खरा निघाला तरी निम्मेच काम झाले. प्लास्टिकवाल्यांचे हात इथेच पोळतात. ऑक्सिजन काढलेली पूड इतकी हलकी असते की हॉपरमध्ये ती खाली उतरतच नाही, कमान धरून बसते किंवा उडते. दाण्यांवर कोरडी चोळून थेट इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनला दिली तर एकस्क्रू बॅरलमध्ये ती सुटी होत नाही. भागावर काळे फराटे उमटतात, गुठळ्या राहतात आणि दोन प्रवाह मिळतात तिथली वेल्ड लाइन कमकुवत होते. सुटी पूड कारखान्यात आणूच नये. त्याच रेझिनमध्ये दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरवर केलेले मास्टरबॅच, म्हणजे ग्राफीन जास्त प्रमाणात आधीच मिसळलेले दाणे, घ्यावेत. समजा ते दहा टक्क्यांचे आहे आणि मालात अर्धा टक्का ग्राफीन हवे. मग २५ किलोच्या मिश्रणाला सव्वा किलो मास्टरबॅच आणि पावणेचोवीस किलो नायलॉन. मास्टरबॅचच्या वाहक रेझिनचा प्रवाहांक, म्हणजे एमएफआय, मूळ मालाच्या जवळ असायला हवा. तो फार कमी असेल तर मास्टरबॅच दाण्यांच्या रूपातच पुढे ढकलले जाते. दोन्ही ८० अंशांवर चार ते सहा तास, आर्द्रता ०.२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवावे. एवढे करूनही भागावर चंदेरी रेघा आल्या, तर दोष पाण्याचाच असेल असे नाही. ऑक्सिजन नीट काढलेला नसेल तर दीडशे ते अडीचशे अंशांदरम्यान पुडीतून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ सुटते, आणि नायलॉनचे बॅरल त्याच तापमानाला चालते. मास्टरबॅचचा टीजीए आलेख (तापवत नेताना वजन किती घटते ते दाखवणारा) मागितला की हे आधीच कळते.

आणखी दोन गोष्टी. ग्राफीनभोवती नायलॉनचे स्फटिक लवकर जमतात, त्यामुळे सायकल टाइम, म्हणजे एक भाग काढायला लागणारा वेळ, थोडा घटतो. हा फायदा. पण आकुंचनही बदलते, आणि जुन्या साच्यातून निघालेला भाग गेजमध्ये बसत नाही. तसेच ताठरपणा वाढताना खाचेवरचा धक्का सोसण्याची ताकद आणि ताणल्यावर लांबण्याची क्षमता सहसा कमी होते. विक्रेत्याच्या तक्त्यात ताणशक्ती आणि ताठरपणा असतो, धक्क्याचा रकाना नसतो. तो मागावा. चाचणी घेताना फक्त ‘ग्राफीनविना’ आणि ‘ग्राफीनसह’ असे दोन नमुने करू नयेत. चार करावेत: कोरे नायलॉन, कोऱ्या वाहक रेझिनसह नायलॉन, तेवढ्याच मात्रेचे कार्बन ब्लॅक किंवा बारीक ग्राफाइट घातलेले नायलॉन, आणि ग्राफीनचे. तिसरा आणि चौथा सारखेच निघाले, तर जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे?

मात्रा वाढवून गुण वाढत नाहीत, हेही पुष्कळांना पटत नाही. पापुद्रे चांगले विखुरले तर अगदी कमी मात्रेत, आकारमानाच्या एका टक्क्याच्याही आत, एकमेकांना भिडून वीज वाहू लागते. त्यापुढे वितळलेल्या मालाचा दाटपणा वाढतो, गुठळ्या होतात आणि मजबुती उलट उतरते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०१८ च्या अखेरीस मस्टँग आणि एफ-१५० गाड्यांच्या इंजिनाभोवतालच्या भागांत ग्राफीन वापरण्याची घोषणा केली, तेव्हा मात्रा अर्ध्या टक्क्याच्या आत होती. ते भाग इंजिनाचे नव्हते. इंधन-रेल, पंप यांची फोमची आवरणे होती. कंपनीने दिलेले आकडे आवाजात १७ टक्के घट, यांत्रिक गुणांत २० टक्के आणि उष्णता सोसण्यात ३० टक्के वाढ. दोनशे पट नव्हे. पण कारखान्यात १७ टक्के हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

बांधकामात ग्राफीन येऊ घातले आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या साथीने केलेल्या मिश्रणाची काँक्रीटची लादी एम्सबरी इथल्या व्यायामशाळेत २०२१ साली ओतली गेली. मात्रा सिमेंटच्या वजनाच्या हजारांत एक भागापेक्षाही कमी लागते. आपल्याकडे करून पाहायचे तर हिशेब असा: घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि ०.०३ टक्के मात्रा म्हणजे ९६ ग्रॅम ग्राफीन ऑक्साइड. ते लिटरला चार ग्रॅमच्या द्रावणातून येत असेल तर २४ लिटर द्रावण. हे २४ लिटर मिश्रणाच्या पाण्यातून वजा करायचे विसरले, की पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० चे ०.५७ होते आणि ताकद ग्राफीनमुळे नव्हे, पाण्यामुळे उतरते. दुसरा घोटाळा कॅल्शियमचा. सिमेंट ओले होताच सुटणारे कॅल्शियमचे आयन ग्राफीन ऑक्साइडला क्षणात एकत्र गोळा करतात. म्हणून द्रावण आधी पॉलिकार्बोक्सिलेट प्रकारच्या सुपरप्लास्टिसायझरमध्ये (कमी पाण्यात काँक्रीट प्रवाही ठेवणाऱ्या रसायनात) मिसळून मग मिक्सरमध्ये सोडावे, आणि स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा, उतरणार हे धरून प्लास्टिसायझरची मात्रा ठरवावी. ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूब मात्र २८ दिवसांचेच फोडावेत. सातव्या दिवशीची वाढ मोठी दिसते, कारण पापुद्र्यांमुळे हायड्रेशन (सिमेंटची पाण्याशी क्रिया) लवकर सुरू होते. त्यावरून सिमेंट कापायचा निर्णय घेणे म्हणजे पी हळद हो गोरी.

रंगांच्या बाबतीत तर नीट न कळलेले ग्राफीन नुकसानच करते. सलग ग्राफीनच्या थरातून हेलियमसुद्धा आरपार जात नाही, म्हणून ते गंजरोधक, हा तर्क वरवर बिनतोड आहे. पण ग्राफीन वीजवाहक आहे आणि लोखंड किंवा तांब्याशी जोडले गेले की ते कॅथोडचे काम करते. ओरखडा पडला, उघड्या धातूला दमट हवा लागली, की गॅल्व्हॅनिक क्रियेने त्या जागी गंज वेगाने खोल जातो. थेट ग्राफीन चढवलेले तांबे काही महिन्यांनी उघड्या तांब्याहून अधिक खराब होते, असे २०१३ साली प्रयोगातून दाखवले गेले. त्याच गुणाचा फायदा जस्तयुक्त प्रायमरमध्ये होतो. तिथे जस्ताच्या कणांमध्ये विजेची वाट हवीच असते, ती ग्राफीन देते, म्हणून जस्त कमी करता येते. तेव्हा कोकणपट्टीतल्या पुलांना, टाक्यांना ‘ग्राफीन इपॉक्सी’ सुचवणाऱ्याला पहिला प्रश्न हा: पापुद्रे वीजवाहक की ऑक्साइडचे, आणि खाली जस्ताचा कोट आहे का? मिठाच्या फवाऱ्याची चाचणी अखंड पत्र्यावर नको, मुद्दाम क्रॉस कट मारलेल्या पत्र्यावर हवी. रेघेपासून गंज किती मिलिमीटर सरकला, तेवढेच पाहावे.

सामान्य ग्राहकाला ग्राफीन भेटते ते दोन ठिकाणी. एक, परवाना न लागणाऱ्या कमी वेगाच्या ई-स्कूटरची ‘ग्राफीन बॅटरी’. ती बहुधा लेड-ॲसिडच असते, तिच्या ऋण पट्टीत कार्बनची भर घातलेली. अशा भरीने सल्फेशन (पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर साचणे) कमी होऊन आयुष्य थोडे वाढू शकते, ते नाकारत नाही. पण किलोमागे साठणारी ऊर्जा लेड-ॲसिडचीच राहते, ३० ते ४० वॅट-तास. ६० व्होल्ट, ३२ अँपिअर-तासाचा संच उचलून पाहा. पाच ब्लॉक मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास भरले तर ते शिसे आहे. तेवढ्याच क्षमतेचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच १५ ते २० किलोचा असतो. पुढेमागे त्या जागी लिथियम संच बसवला तर जुना चार्जर वापरू नये. त्याचे व्होल्टेज आणि चार्जिंगची पद्धत लेड-ॲसिडसाठी बेतलेली असते.

दुसरे, गाडीवरचे ‘ग्राफीन कोटिंग’. बहुतेकदा ते सिलिका-सिलोक्सेनचे सिरॅमिक कोटिंगच असते, त्यात थोडे ग्राफीन ऑक्साइड. ‘नाइन-एच’ कडकपणा म्हणजे ७५० ग्रॅमच्या वजनाने ४५ अंशांत पेन्सिल ओढण्याची चाचणी. ते खनिजांचे मोहस् मापन नव्हे. (पेन्सिलीचे शिसे ग्राफाइटचे असते, म्हणजे ग्राफीनची परीक्षा त्याचा बापच घेतो.) चाळीस-पन्नास मायक्रोमीटरच्या क्लिअर कोटवर बसलेला एखाद्या मायक्रोमीटरचा थर दगडाचा टवका अडवणार नाही. पाणी घरंगळेल, धुणे सोपे जाईल. तेवढ्याचे पैसे मोजावेत.

फोनमधली उष्णता पसरवणारी फिल्म हा ग्राफीनच्या नावावरचा खरा मोठा उद्योग. हुवावेच्या २०१८ च्या मेट २० एक्स फोनपासून तिचा गाजावाजा झाला. ग्राफीन ऑक्साइडचा लेप देऊन, वाळवून, तीन हजार अंशांच्या जवळपास भाजून, दाबून ती बनते. तोवर हजारो थर पुन्हा एकत्र आलेले असतात. म्हणजे आयएसओच्या व्याख्येने ती ग्राफीन उरत नाही, पण काम चोख करते. लक्षात ठेवायचे ते इतके की ती उष्णता आडवी पसरवते, उभी आरपार नेत नाही, आणि वीजवाहक असल्याने कडा इन्सुलेट कराव्या लागतात. एलईडी किंवा ई-वाहनाच्या पॉटिंगमध्ये (सुटे भाग बुडवून बंद करणाऱ्या रेझिनमध्ये) उष्णता वाहायला हवी आणि वीज मात्र वाहायला नको, तिथे ग्राफीन नको. त्याचे भावंड षट्कोनी बोरॉन नायट्राइड घ्यावे. ते पांढरे आणि विद्युतरोधक असते.

बाकी भावंडांबद्दल, म्हणजे असेच पातळ थरांत मिळणाऱ्या पदार्थांबद्दल, थोडक्यात. मॉलिब्डेनम डायसल्फाइड वर्कशॉपला ‘मोली ग्रीस’ म्हणून केव्हाचेच ठाऊक आहे. त्याच्या एकेरी थरात १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पट्ट्यांमधली फट, म्हणजे वीज चालू-बंद करायला लागणारी ऊर्जेची दरी, आहे, जी ग्राफीनमध्ये नाही, म्हणून ट्रान्झिस्टरसाठी संशोधकांचा ओढा तिकडे आहे. (सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनमध्ये ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट मिळाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. कारखान्यापर्यंतचा पल्ला लांब आहे.) २०११ साली अमेरिकेच्या ड्रेक्सेल विद्यापीठात सापडलेल्या मॅक्सीनच्या (टायटॅनियम आणि कार्बनच्या थरांच्या पदार्थाच्या) ४५ मायक्रोमीटर फिल्मने विद्युतचुंबकीय लहरी ९२ डेसिबलनी अडवल्या, हे अफलातून आहे. मात्र त्याचे पाण्यातले द्रावण हवेत ठेवले तर काही दिवसांत ऑक्सिडाइझ होऊन टायटॅनियम डायऑक्साइड उरतो. घ्यायचेच तर आर्गॉनमध्ये, थंड ठेवलेले आणि ताज्या तारखेचे.

आता काही तरुण उद्योजक स्वतःच ग्राफीन ऑक्साइड करायला निघाले आहेत. त्यांच्यासाठी हे कळकळीने. १९५८ च्या हमर्स पद्धतीत १०० ग्रॅम ग्राफाइटला ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर तीव्र गंधकाम्ल आणि ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागते. परमँगनेट आणि तीव्र गंधकाम्लातून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतो, तो ५५ अंशांच्या आसपास स्फोटासारखा विघटित होतो. म्हणून परमँगनेट चिमटीचिमटीने, मिश्रण २० अंशांच्या आत ठेवूनच घालायचे. चंचुपात्र बर्फात ठेवून हे जमते. दोनशे लिटरच्या पात्रात आकारमानाच्या मानाने थंड होणारा पृष्ठभाग फार कमी उरतो, उष्णता आत साचते, आणि थर्मामीटर काठाजवळ असेल तर मधले तापमान कळतही नाही. पात्राभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड ब्राइन (मिठाचे पाणी), मध्यभागी तापमापक आणि २० ओलांडताच परमँगनेटची भर आपोआप बंद करणारे इंटरलॉक, याशिवाय सुरुवात करू नये. सोडियम नायट्रेटमुळे विषारी नायट्रोजन ऑक्साइड निघतात. २०१० च्या सुधारित पद्धतीत ते वगळून गंधकाम्ल आणि फॉस्फरिक आम्ल नवास एक या प्रमाणात घेतात. धुताना आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग पाणी. सुरुवातीपासून पाणीच वापरले तर माल फुगून जेल होतो आणि फिल्टर चोंदतो. वाळवलेल्या ग्राफीन ऑक्साइडचे ढीग करू नयेत. पोटॅशियमचे क्षार उरलेले असतील तर ते चटकन पेट घेते, आणि जाड थरात ते स्वतःच्याच उष्णतेने भडकू शकते. शिवाय मूळ कृतीत १०० ग्रॅम ग्राफाइटमागे धुण्याआधीच १४ लिटर मँगनीजयुक्त आम्लपाणी होते. किलोला १४० लिटर. ते कुठे जाणार, हे ठरल्यावरच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज करावा.

धुळीबद्दलही. पाच मायक्रोमीटरच्या आतले पापुद्रे फुप्फुसात खोल जातात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीन असलेले मास्क वापरू नका असा इशारा दिला तो याच कारणाने. पुढे तपासणीनंतर काही मॉडेलना परत परवानगी मिळाली. कारखान्यात पूड ओली किंवा मास्टरबॅचच्या रूपात हाताळावी, झाडू मारू नये, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरावा. ही धूळ वीजवाहक आहे. ड्राइव्ह आणि कंट्रोल पॅनेलचे पंखे ती आत ओढतात आणि कार्ड शॉर्ट होते. पॅनेल दुसऱ्या खोलीत असलेले बरे.

आमचे मागणे फार नाही. भारतीय मानक ब्युरोने ‘ग्राफीन’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक मालावर दहा थरांपर्यंतच्या पापुद्र्यांचे प्रमाण, पापुद्र्यांची लांबी-रुंदी, बीईटी क्षेत्रफळ, ऑक्सिजन आणि राख एवढे छापणे सक्तीचे करावे. तयार वस्तूवर वजनाने किती टक्के तेही. आपल्या दैनिकानेही अशा बातम्यांत एकेरी पापुद्र्याचा आकडा आणि प्रत्यक्ष मालाचा आकडा शेजारी शेजारी द्यावा. सक्ती येईपर्यंत खरेदीदाराने एवढे करावे: ऑर्डरवरच हे पाच आकडे लिहून घ्यावेत आणि प्रत्येक लॉटमधून विक्रेत्यासमोर ५० ग्रॅम नमुना काढून, दोघांच्या सह्यांनी सीलबंद करून, कोरड्या कपाटात वर्षभर ठेवावा. पहिल्या लॉटचा नमुना चांगला आणि चौथ्यापासून ग्राफाइट, हा प्रकार फक्त त्या पुडीवरूनच सिद्ध करता येतो.

आपले नम्र,
पॉलिमर व कोटिंग क्षेत्रात काम करणारे काही अभियंते,
पुणे